जपानचा गेम, रायपूरचा टीव्ही

मित्रांनो, मी जपानमध्ये तयार झालेला व्हिडिओ गेम आहे. आता जुना झालोय. रायपूरच्या गुढ़ियारी मोहल्ल्यात आलो तेव्हा छत्तीसगढ़ राज्याला वर्षही झालं नव्हतं.

मला पाठवलं निरंजनने. रेल्वेतली नोकरी सोडून तो जहाजावर गेला होता, म्हणून त्याचे वडील अनंतराव दोन वर्षं त्याच्याशी बोलत नव्हते. जपानच्या एका बंदरात त्याने धाकट्या बहिणीसाठी, शर्मिष्ठासाठी, मला घेतलं. इथली वीज मला सोसावी म्हणून ट्रान्सफॉर्मरही दिला. टीव्हीचा विचार मात्र त्याला सुचला नाही.

शर्मिष्ठाने मला जोडलं. पडद्यावर चित्र आलं, पण त्यात रंग नव्हता आणि ते एका जागी थांबेना. सारखं वर सरकत राहिलं.

"फसवलं पोट्ट्याले कोणीतरी," अनंतराव म्हणाले.

ते माझी कॅसेट घेऊन सदर बाजारात गेले. तिच्यावरचं जपानी नाव निरंजनने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं : 'त्सुकी नो फुने', म्हणजे चंद्राची होडी. दुकानदाराने मान हलवली. "ऐसा कोई गेम आता ही नहीं, बाबूजी."

घरी येताच अनंतराव कडाडले, "पक्की नोकरी सोडून हे भंगार पाठवून राहिला! उद्या भंगारवाल्याले देऊन टाकतो."

शर्मिष्ठा उठली आणि पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्याच मोहल्ल्यातल्या, सरितादीदीला घेऊन आली. सरिता टीव्ही दुरुस्त करायची.

"खोल त्याले," अनंतराव म्हणाले, "आतमधी काय जळलं ते दिसू दे मले."

तिचा स्क्रू ड्रायव्हर माझ्या पाठीला टेकला. पहिला स्क्रू निघाला. मित्रांनो, माझ्यात काहीच जळलं नव्हतं, पण मला बोलता येत नव्हतं. चुकीच्या जागी सोल्डरिंगची तापलेली सळई टेकली असती, तर मी कायमचा गेलो असतो. दुसरा स्क्रू निघाला.

"दीदी, थांब ना!" शर्मिष्ठाने माझ्यावर हात ठेवला. "आधी एकदा पाह्य तरी."

सरिताने मला पुन्हा चालू केलं. सरकणारं चित्र ती बराच वेळ पाहत राहिली. "कुठचा आहे हा?"

"जपानचा."

तिने टीव्हीच्या मागे हात घालून एक बटण हळूहळू फिरवलं. चित्र संथ झालं, थरथरलं आणि थांबलं.

"काका, हा बिघडला नाही. तिकडे चित्र सेकंदाले साठ वेळा बनते, आपला टीव्ही पन्नासचा. रंगाची पद्धतबी वेगळी, म्हणून रंग येत नाही." मग ती हसली. "अन् हे होडीतलं सशाचं पिल्लू! हा तर 'सिल्व्हर बोट' आहे. इकडे त्याच नावानं विकतात."

"म्हणजे पोट्टा फसला नाही?"

"नाही, काका. गेम असली आहे."

अनंतरावांनी माझे निघालेले दोन्ही स्क्रू उचलून सरिताच्या हातात दिले.

रविवारी निरंजनचा फोन आला. शर्मिष्ठा बोलत असताना अनंतरावांनी रिसीव्हरसाठी हात पुढे केला. "निरंजन... तुयी वस्तू चांगली आहे," ते म्हणाले. मग विचारलं, "तू जेवतो ना बरोबर?"

पुढची तीन वर्षं शर्मिष्ठा माझ्याशी काळ्या-पांढऱ्या रंगातच खेळली.

मित्रांनो, मी कोणत्या टीव्हीसाठी आहे, हे माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं होतं. कोणी वाचलंच नाही. लांबून आलेल्या वस्तूला बिघडलेली म्हणण्याआधी तिला उलटून पाहा. आणि माणूस लांब गेला असेल, तर त्याला बिघडलेला म्हणण्याआधी त्यालाच विचारा.