घोडा, मी आणि तिसरी पायरी

मी एक जुनी डोंगरी सायकल आहे. जाड टायर, एकवीस गिअर आणि एक खोड: पेडल उलटं फिरवलं की माझी चेन पडते. आत्ता मी एका शाळेच्या सभागृहात भिंतीशी, मागचं चाक अधांतरी ठेवणाऱ्या स्टँडवर उभी आहे. रंगाचे थेंब पडू नयेत म्हणून अंगावर वर्तमानपत्र पांघरलं आहे. पण थेंब काही पडत नाहीत, कारण रंगारी अजून तिसऱ्या पायरीवरच आहे. त्याची लेक एका हाताने शिडी धरून उभी आहे आणि दुसऱ्या हाताने उगीच माझं पेडल फिरवते आहे. सरळ फिरवते तोवर माझी गोष्ट ऐका, मित्रांनो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या वेल्डर बाईंनी माझे सांधे जोडले. "मी जन्मात डोंगर चढले नाही, तू तरी चढ," असं म्हणून त्यांनी मला पुढे ढकललं. पुढे मी दुकानात आले, आणि तिथून मला रंगाऱ्याची लेक घेऊन गेली. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. गावामागच्या टेकडीवर आम्ही रोज जायचो. पहिल्या आठवड्यात तिने एकच दगड तीनदा गाठला. वाट चांगली हातभर रुंद होती, पण ती दगडाकडे बघायची आणि मी बापडी ती बघेल तिकडे जायची. गुडघे सोलून निघाल्यावर तिला कळलं. मग ती वाटेकडे बघू लागली, आणि दगड तिथेच राहूनही आमच्या आड येईना. लोक म्हणायचे, "काय सायकल आहे!" मी फुगून जायची, टायरसकट.

मग ती नर्स व्हायला परगावी गेली. मी रंगाच्या खोलीत, डब्यांच्या वर, खुंटीला...

खट्.

पाहिलंत? उलटं फिरवलंच. थांबा, चढवते आहे ती.

...खुंटीला टांगली गेले. सहा वर्षं. टायरमधली हवा गेली, चेनला गंज चढला. पोळीसारखी वाळून गेले म्हणा ना.

एके दिवशी रंगारी लंगडत आत आला. दोन बाजूंनी उभी राहणारी शिडी असते ना, तिला रंगारी घोडा म्हणतात. तो घोड्याच्या तिसऱ्या पायरीवरून पडला होता. शेजाऱ्यांना ऐटीत सांगायचा, "घोड्यावरून पडलो." पाय महिन्यात बरा झाला, पण भीती बसली ती बसलीच. एक, दोन, तीन असं मोजत चढायचा आणि तीनला थांबायचा. तिथून फरशीकडे बघायचा आणि उतरायचा. मग हात पोचेल तेवढीच भिंत रंगवायची. वरचा पट्टा जुनाच. घरं अर्धी आंघोळ केल्यासारखी दिसायची. कामं कमी झाली. शेवटी या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सोमवारी संमेलन आहे. तोवर छत झालं नाही तर यापुढे दुसरा माणूस बघते."

लेक आठ दिवसांच्या रजेवर येणार होती. तिला खूश करायला म्हणून त्याने मला खाली काढलं, हवा भरली, चेनला तेल दिलं आणि मला पिवळाधमक रंग दिला. रंगारीच तो, हात थांबेना. रिम मळकी दिसली, म्हणून तिला चंदेरी रंगाचे दोन हात मारले. अगदी नवी दिसत होते मी. पण मित्रांनो, माझ्या ब्रेकचे रबर त्या रिमलाच धरतात. रंगावर ते धरणार काय, कपाळ?

लेकीला वाटलं, बाबांनी रिम घासूनपुसून चमकवली. ती म्हणाली, "बाबा, शिडीचं भूत आपण टेकडीवर उतरवू." चार दिवस तिने त्याला सपाटीवर शिकवलं. "कोपर सैल. मूठही सैल. दांडा काय पळून जातोय?"

"अगं, मी तुला चालायला शिकवलं."

"मग आता माझं ऐका."

ब्रेक जरा हळू लागत होता. सहा वर्षं पडून होता, बसेल हळूहळू, असं दोघांनाही वाटलं. पाचव्या दिवशी लहानसा उतार. रंगाऱ्याने ब्रेक दाबला आणि...

खट्.

ही मुलगी पण! नेमकी आत्ता.

...आणि मी थांबलेच नाही. समोर तोच जुना दगड. रंगारी त्याच्याकडे डोळे विस्फारून बघत होता, आणि मी त्याच्याकडेच निघाले होते. मागून लेक ओरडली, "वाटेकडे बघा, बाबा! वाटेकडे!" त्याने मान वळवली. मी वळले. दगड बाजूने गेला आणि आम्ही दोघं गवतात जाऊन आडवे झालो.

"ब्रेक का नाही लावला?"

"लावला की. लागला नाही." त्याने रिमवर नख फिरवलं. चंदेरी पापुद्रा निघाला. "दोन हात मारले होते गं. नीट वाळवलेही."

ती पोट धरून हसली. मग दोघांनी बसून तो रंग खरवडला.

पण उतारावरचं शहाणपण शिडीवर लगेच चढत नाही. आज रविवार, आणि तो तिसऱ्या पायरीवर उभा आहे.

"कुठे बघायचं, बाबा?"

"माहीत आहे मला. छताकडे." पण बघतो आहे फरशीकडेच.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी खुंटीला टांगलेलं असेल, तर त्याला खाली काढा. हवा भरा, तेल द्या. नुसता रंग देऊ नका, आणि जिथे ब्रेक धरतो तिथे तर मुळीच नको. माझी आणखी एक विनंती अशी की...

खट्.

या वेळी चेन चक्राचे दात आणि माझा सांगाडा यांच्यामध्ये अडकली. लेक ओढू लागली.

"अगं, ओढू नकोस, वाकेल. ठेव, हात लावू नकोस." तो सरसर खाली आला. ब्रशच्या दांड्याने त्याने चेन हलकेच उचलली आणि बसवली. "लोकांना सुया टोचतेस, आणि चेन चढवता येत नाही तुला?"

"सुईला गिअर नसतात, बाबा."

"उत्तरं तयार. आणि ते पेडल फिरवणं बंद कर आधी, सकाळपासून डोकं उठवलंयस," असं बडबडत, हात विजारीला पुसत तो वर गेला. बडबड वरूनच येत राहिली.

लेकीने आता दोन्ही हातांनी शिडी धरली.

माझ्यावरच्या वर्तमानपत्रावर टप्पकन एक पांढरा थेंब पडला. पायऱ्या कोणीच मोजल्या नव्हत्या.