आबांनी दिलेली हुलकावणी

मित्रांनो, मी एक जुनी जॉयस्टिक आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. माझ्या बटणांवरची अक्षरं पार पुसली गेलीत, त्यावरून काय ते ओळखा. कुठल्या कारखान्यात जन्मले तेही मला आठवत नाही. आठवतं ते कराडचं एक दुकान आणि मला छातीशी धरून तिथून निघालेली रेश्मा. ती इंजिनिअरिंगला होती. विमानांच्या लढाईचा खेळ तिच्या वसतिगृहात माझ्यावाचून रंगत नसे. मला कलवलं की विमान कलतं, पिळलं की त्याचं नाक वळतं. शत्रूचं विमान पाठीमागे लागलं की रेश्मा मला अशी काही फिरवायची, की शत्रू बिचारा हात चोळत राहायचा. मुली टाळ्या वाजवायच्या आणि मी, खोटं कशाला बोलू, चांगलीच फुशारून जायचे.

पुढे रेश्माला नोकरी लागली, खेळ मोबाइलवर गेले आणि माझी रवानगी आष्ट्याजवळच्या तिच्या गावी, कपाटावरच्या एका पिशवीत झाली. सोबतीला तुटके चार्जर. बिघडले असते तर गोष्ट वेगळी, पण मी चांगली धडधाकट होते हो. फार वाईट वाटायचं.

तिथून मला बाहेर काढलं ते मानसिंग आबांच्या मनगटानं. आबा म्हणजे रेश्माचे आजोबा, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. उसाला पाणी पाजताना बांधावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. मिरजेला प्लास्टर घातलं, हाड जुळलं, पण मनगट लाकडासारखं ताठ राहिलं. रोज फिरवलं नाही तर असंच राहील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. इकडे रेश्माच्या भावाचं, शिवतेजचं लग्न तोंडावर आलेलं. घरातल्या प्रत्येक नवरदेवाला फेटा बांधला तो आबांनीच. ह्या वेळी बाहेरचा फेटेवाला आणलात तर मी मांडवात पाऊल टाकणार नाही, असं ते सांगून बसले होते. आणि व्यायामाचं नाव काढलं की गडी गायब.

रेश्मा सुट्टीला आली, तिनं हा सगळा प्रकार पाहिला आणि मला पुसूनबिसून घरातल्या कॉम्प्युटरला जोडलं, तोच खेळ लावला आणि मला आबांच्या हातात दिलं. व्यायामाचा शब्दही काढला नाही.

आबांची पकड काय सांगू, एकदम फौजी. पण पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, की हा माणूस मला नुसता पुढे दामटतो, वळवत नाही. शत्रू मागे लागला तरी हे आपले नाकासमोर. विमान पडायचं. पुन्हा सरळ जायचे, पुन्हा पडायचं. मागे लागलेल्याला हुलकावणी द्यायची असते, असं रेश्मानं परोपरीनं सांगितलं. आबांनी डाव्या हातानं मिशी सारखी केली.

“आमी दडणार न्हाई. असलं आमच्या पलटणीत चालत न्हवतं.”

खरी गोष्ट मला ठाऊक होती. मला वळवताना त्यांचं मनगट दुखायचं, आणि दुखतं म्हणायची त्यांना लाज वाटायची. कळ आली की ते मला सोडून द्यायचे.

असे बरेच दिवस गेले. मनुबाई आजी जवळच शेंगा फोडत बसलेल्या असायच्या. एक दिवस त्यांनी मान वर न करताच तोंड उघडलं.

“आवं, मी कामाला हाक मारली की तुमी गोठ्याआड दडतासा. मी पुढं गेली की माझ्याच मागनं घरात शिरतासा. लगीन झाल्यापास्नं ह्येच चाललंय. तवा कुटं जाती तुमची पलटण?”

रेश्मा हसून हसून जमिनीवर बसली. आबा लालबुंद झाले. आता मी भिंतीवर आपटते, अशी माझी खात्रीच झाली. पण आबा पडद्याकडे बघत होते. मागे शत्रू आला होता.

“ह्यात गोठा कुटं हाय?” त्यांनी हळूच विचारलं.

रेश्मानं एका ढगाकडे बोट दाखवलं. आबांनी मला पिळलं. पहिल्यांदाच, पूर्ण. मनगटातून कळ गेली, ते मला कळलं, पण त्यांनी मला सोडलं नाही. विमान ढगात शिरलं, वेग कमी झाला, शत्रू भुर्रकन पुढे निघून गेला आणि आबा ढगातून बाहेर आले ते त्याच्या पाठीवर.

“आरं, हे तर मला येतंय की,” ते म्हणाले.

मग काय विचारता! सकाळ-संध्याकाळ आम्ही दोघं आकाशात. डावीकडे गिरकी, उजवीकडे गिरकी. माझी स्प्रिंग कुरकुरायला लागली, तरी मला आनंदच होता, कारण मनगट रोज थोडं थोडं सैल होत होतं. कितीदा पडलो, ते मोजायचं आबांनी सोडूनच दिलं.

लग्नाच्या सकाळी शिवतेज बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसला. मी टेबलावरून पाहत होते. आबांनी कापडाचा पहिला पीळ घातला, दुसरा घातला. तिसऱ्याला हात अडखळला. आजींनी तोंड फिरवलं. आबांनी दात-ओठ खाऊन मनगट फिरवलं आणि पीळ बसला. तुरा ताठ उभा राहिला तेव्हा आजींनी डोळे पुसले, आणि कांदा चिरत होते म्हणून सांगितलं. कांदा कुठेच नव्हता.

पाहुणे पांगले. हात बरा झाला, म्हणजे माझं काम संपलं. रेश्मा पिशवी घेऊन आली तेव्हा माझा जीव खालीवर झाला. मित्रांनो, तुमच्याही कपाटावर माझ्यासारखं कुणीतरी असेल. काम झालं म्हणून त्याला अंधारात कोंबू नका. कधीतरी खाली काढा, पुसा, हातात धरून बघा. कुणाच्या तरी कामाला ते अजून येईल.

पण तेवढ्यात आजींनी पदराला हात पुसले, रेश्माच्या हातातून मला काढून घेतलं आणि दुसरं विमान चालवायला आबांपुढे कीबोर्ड सरकवला.

“बसा पुढं,” त्या म्हणाल्या. “मागनं मी येती.”