घूं

"हे शंभर वॅट लिहेल हाय, ते खरं काय रे अनुप?" चांदूर रेल्वेहून आलेल्या वामनरावांनी नव्या ॲम्प्लिफायरच्या कागदावर बोट टेकवलं.

"एकेका स्पीकरले शंभर. पन काका, तुमच्या खोलीले वीसबी लय झाले. वॅट काय पाह्यता, मशीनची घूं पाहा. गानं न लावता कान लावा."

दुकानामागच्या खोलीच्या उंबऱ्यात त्याची बायको सीमा जाईला मांडीवर घेऊन बसली होती. तीन महिन्यांची लेक गाढ झोपलेली. सकाळी अनुपने ढोलाची गाणी लावून स्पीकर तपासले तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर हललं, जाईची पापणी लवली नाही. "पोरगी दचकत नाही वं," असं सासूबाई एकदाच बोलल्या होत्या. उद्या अकोल्याला कानाच्या डॉक्टरकडे जायचं होतं. पिशवी भरून खुंटीला लटकत होती.

वामनरावांनी स्पीकरला कान लावला. "घूं तर हाय बाप्पा! मंग हे कागदावर काहून नाही?"

"हाय ना. हा खालचा आकडा. गान्यापुढं मशीनचा सोताचा आवाज किती कमी, थो. आकडा मोठा, तं मशीन शांत. याची अर्थिंग ढिली झाली वाटते, थांबा."

अनुपने बटण बंद केलं. घूं थांबली.

जाई दचकून उठली आणि ओठ काढून रडू लागली.

सीमा तिच्याकडे पाहतच राहिली. "अवो, लावा बरं ते."

"काम करून राह्यलो ना मी."

"लावा म्हनते ना!"

घूं सुरू झाली. जाईचं रडणं हुंदक्यांवर आलं, मग तेही विरलं.

"आता बंद करा."

पुन्हा रडणं. अनुपच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला.

"माय वं!" आतून सासूबाई धावत आल्या. "पोटात होती तवापासून ढोल आयकते थे. आपन तिले ढोलानं दचकावून राह्यलो!"

अनुपने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. वामनरावांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "मही घूं आज राहू दे रे. उद्या काढजो. मले काई घाई नाही."

अकोल्याला तरी जायचंच होतं. सीमाने भरलेली पिशवी तशीच खुंटीवर राहू दिली. तिने लेकीला पदराखाली घेतलं. महिनाभर ती जाईला मोठमोठ्यानं हाका मारत आली होती. आता ती वाकली आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "जाई."

दूध पिता पिता जाई क्षणभर थांबली.