लेखातलं ड्रेसिंग

रविवारी सकाळी दुसरा चहा संपवून डॉक्टरांनी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि नवा लेख बायकोला वाचून दाखवायला घेतला. लग्नापासूनचा त्यांचा हा नेम होता. काहीही लिहिलं की आधी बायकोच्या कानावर घालायचं आणि तिने "बरं आहे" म्हटलं की छापायला पाठवायचं. एकदा ती माहेरी गेलेली असताना त्यांनी घाईघाईने पाठवलेली गोष्ट साभार परत आली होती. तेव्हापासून तर तिचे ते दोन शब्द कानावर पडल्याशिवाय त्यांच्या घरातून एक ओळही बाहेर पडत नसे. एरवी ऊठसूट लोकांना विज्ञाननिष्ठा शिकवणारा माणूस, पण ह्या बाबतीत पक्का अंधश्रद्धाळू.

आणि लिहायचे तरी किती! रक्ताभिसरणावर लेखमाला झाली होती. यकृत आणि हृदय हमरीतुमरीवर येतात असं एक प्रहसन झालं होतं. पेशंटऐवजी डॉक्टरच आजारी पडतात अशा ग्रहावरची विज्ञानकथा झाली होती, सूक्ष्मदर्शकावर कविता झाल्या होत्या. बाळंतवेणांवरचं एक दीर्घकाव्य तर वाचकांनी डोक्यावर घेतलं होतं. बायकोच्या दोन्ही बाळंतपणांच्या वेळी डॉक्टर कुठल्याशा परिसंवादाला गेले होते, हे वाचकांना कुठून माहीत असणार? तिला ते माहीत होतं, तरी ती त्या काव्यालाही "बरं आहे" म्हणाली होती. संसारात असं बरंच काही म्हणून जातं माणूस.

ह्या वेळचा लेख सासूबाईंवर होता.

"रोज सकाळी मी आईंच्या खोलीत जातो," डॉक्टर वाचत होते. आवाज अगदी कमावलेला. "त्यांना हलकेच कुशीवर वळवतो. त्यांची जखम धुतो. आणि दर वेळी वाटतं, विज्ञान जिथे थकतं तिथून माणसाचे हात सुरू होतात."

बायकोने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. नुकतीच ती त्या खोलीतून आली होती. तीनदा साबण लावला होता, तरी बोटांचा वास जात नव्हता. मांडीचं हाड मोडल्यापासून तिची आई पाठीवर पडून होती. माकडहाडाशी बेडसोर झाला होता, आधी लाल, मग ओला, आणि आता मधोमध काळा. तिथून जो दर्प यायचा तो पडद्यांत बसला होता, उशीत बसला होता, तिच्या केसांत बसला होता. ह्या सगळ्यात डॉक्टरांनी उचललेला वाटा म्हणजे गुलाबाच्या वासाचा एक फवारा. तो त्यांनी स्वतः दुकानात जाऊन आणला होता आणि दाराबाहेर उभं राहून आत मारला होता. आता त्या खोलीत गुलाब आणि पू एकत्र यायचे, आणि तिला त्यातल्या गुलाबानेच जास्त मळमळायचं.

एक दिवसाआड येणाऱ्या नर्सबाईंनी गेल्या आठवड्यातच सांगितलं होतं, "ताई, हे काळं कापून काढायला हवं. आत पसरलं तर रक्तात जाईल. पण ते माझं काम नाही, डॉक्टरांचं आहे. आणि डॉक्टर तर तुमच्या घरातच आहेत की."

घरातले डॉक्टर "बघतो" म्हणाले होते. मग "दवाखाना आटपला की बघतो" म्हणाले. मग म्हणाले, "घरच्या माणसावर डॉक्टरने हात चालवू नये, तसा संकेत असतो." तिने दुसऱ्या कुणाला बोलवायचं काढलं, तर त्यांचा चेहरा पडला. गावभर डॉक्टर म्हणून मिरवतो आणि सासूसाठी बाहेरचा माणूस आणायचा? लोक काय म्हणतील? म्हणजे स्वतः करायचं नाही आणि दुसऱ्याला करू द्यायचं नाही. काल संध्याकाळपासून आईच्या अंगात ताप होता.

"काळवंडलेल्या त्या त्वचेला स्पर्श करताना," डॉक्टर वाचत होते, "माझ्या मनात किळस नसते, असते ती केवळ कृतज्ञता."

आईची घाण काढताना तिला कधी किळस वाटली नव्हती. कागदावरच्या ह्या स्वच्छ, इस्त्री केलेल्या वाक्यांनी मात्र तिला खरोखर शिसारी आली. ह्या माणसाने तिच्या आईची जखम न बघता वापरली होती. त्या जखमेला वासच ठेवला नव्हता.

वाचन संपलं. डॉक्टरांचे डोळे पाणावले होते. स्वतःच्या लिखाणाने त्यांना नेहमीच भरून यायचं.

"बोल," ते म्हणाले. "बारापर्यंत द्यायचाय. संपादक दोनदा विचारून झाले."

"लेख चांगला आहे."

"चांगला जाऊ दे गं. बरं आहे का?"

"नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला. हा शब्द त्यांनी ह्या खुर्चीत कधी ऐकला नव्हता. "नाही म्हणजे? शेवट पडलाय का?"

"शेवट नाही पडला. अहो, त्यात लिहिलंय ते व्हायचं राहिलंय. चला, करून येऊ. मग म्हणते."

"अगं, ललित लेख आहे तो! कल्पना असते, थोडं इकडचं तिकडे..."

"आईला ताप आहे. काळं कापायचं राहिलंय. सामान मी उकळून ठेवलंय. तुम्ही नुसते हात घेऊन या."

ते बसून राहिले. ती समोर उभी राहिली, तसूभरही हलली नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे डॉक्टरांनी एकदा बघितलं, मग कागदांकडे, मग बायकोच्या तोंडाकडे. तिथे काही मिळण्यासारखं नव्हतं. शेवटी ते उठले आणि बाह्या दुमडू लागले.

दारातच त्यांनी नाकाला रुमाल बांधला.

"कोण आहे गं?" सासूबाईंनी विचारलं. भिंतीकडे मान वळवून त्या पडल्या होत्या.

"डॉक्टर आलेत, आई."

"कुठले डॉक्टर?"

"घरातलेच."

"अगं बाई! मग चादर नीट कर की माझी. जावईबापू येणार हे आधी नाही का सांगायचं?"

चादर नीट करून कसं चालणार होतं? तिने ती काढली, आईला कुशीवर वळवलं आणि जखमेवरचं जुनं गॉज सोडवलं. डॉक्टर गर्रकन वळून खिडकीशी गेले. त्यांचे खांदे दोनदा हलले.

"ओकायचं असेल तर बादली आहे तिथे," ती म्हणाली. "पण मग परत इथेच यायचं."

ते ओकले नाहीत. हातमोजे चढवून आले, वाकले, चिमटा घेतला. जखम बघितल्यावर मात्र त्यांचा चेहरा पालटला. नाकावरचा रुमाल गळ्यात आला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. चिमट्याने काळी कड उचलायची, कात्रीचं टोक अलगद सरकवायचं, तुकडा बशीत टाकायचा. सलाइनने धुवायचं, पुसायचं, पुन्हा उचलायचं. इकडे तिकडे न बघता, न बोलता, एकही हालचाल वाया न घालवता त्यांचे हात चालले होते. खालचं लाल मांस दिसायला लागलं तेव्हा ते स्वतःशीच "हं" म्हणाले. आईचे खांदे धरून बसलेली ती बघतच राहिली. आईला कुठे दुखेल, कुठे थांबायचं, सगळं ह्या हातांना येत होतं.

"झालं पण?" सासूबाई म्हणाल्या. "कळलंसुद्धा नाही हो. काय हलका हात आहे जावईबापूंचा!"

हे ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना जमत नसतं, हात थरथरले असते, तर तिने समजून घेतलं असतं, नंतर कीवही केली असती. पण इतका हलका हात घरात होता. पलीकडच्या खोलीत बसून तो कृतज्ञतेवर परिच्छेद लिहीत होता, आणि आई इथे सडत होती. बशीतले काळे तुकडे तिने विनातक्रार उचलले. नवऱ्याकडे मात्र तिला बघवेना.

डॉक्टरांनी ड्रेसिंग बांधलं, तापासाठी औषध लिहून दिलं, हात धुतले आणि बाहेर आले. चेहऱ्यावर तेज होतं, कपाळावर घाम होता. खुर्चीत बसून त्यांनी लेख पुढ्यात ओढला.

"आता?" ते म्हणाले. "आता तर प्रत्येक शब्द खरा झाला."

तिने त्यांच्या खांद्यावरून कागदावर बोट ठेवलं, पहिल्याच ओळीत, पहिल्याच शब्दावर.

"इथे रोज लिहिलंय," ती म्हणाली. "उद्या सकाळीही ड्रेसिंग आहे. परवाही आहे. जखम भरेपर्यंत आहे."

डॉक्टरांनी कागद डोळ्यांजवळ धरला. क्षणभर तिला वाटलं, आता हा माणूस "बरं, उद्या उठव मला" म्हणेल. तेवढं म्हणाला असता तर ती लेखाला आत्ताच्या आत्ता बरं म्हणणार होती. उद्याचं उद्या बघितलं असतं.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. "रोज" हा शब्द एका सरळ रेघेने खोडला आणि वर, सुवाच्य अक्षरात, "एकदा" असं लिहिलं. पुढच्या ओळीतलं "दर वेळी" खोडून तिथे "तेव्हा" केलं. मान मागे नेऊन वाक्य पुन्हा मनात वाचलं. त्यांना ते आवडलेलं दिसलं.

"अगं, उलट जास्त चटका लावतं हे," ते म्हणाले. "एकदाच. फार बरं झालं तू थांबवलंस. पाठवू ना? बरं आहे?"

ती आईच्या खोलीत गेली. बशी, कापूस, गॉज, सगळं बादलीत टाकलं आणि बादली उचलून दाराशी आली. डॉक्टर दारातच उभे होते, एका हातात कागद, दुसऱ्या हातात त्याचा फोटो काढून पाठवायला धरलेला मोबाइल. लग्नापासून कान जसे तिच्याकडे असायचे तसेच आत्ताही होते.

"अगं, बोल ना. बारा वाजत आले."

"अहो, बाजूला व्हा," ती म्हणाली. "बादली न्यायची आहे."