पात्याच्या अंगात काय आलं

वखारीत सकाळी पाऊणशे माणसं जमली होती आणि त्यातल्या एकालाही लाकूड नको होतं. सगळ्यांना करवत शांत होताना बघायची होती.

मालकांनी बोलावलेल्या मांत्रिक बाबांनी यंत्र बंद करवलं. "झाड गेलं, पण त्याचा हट्ट ओंडक्यात राहिला," असं म्हणून त्यांनी बाटलीतलं तीर्थ फडक्यावर ओतलं आणि पुटपुटत दोन्ही चाकं व त्यांवरून फिरणारं लांबलचक पातं खसाखसा पुसलं. यंत्र पुन्हा सुरू झालं. काल लाटांसारखी निघणारी फळी आज फुटपट्टीसारखी निघाली. गर्दीने हात जोडले.

चूक माझीच. मी तिथे फळ्या मोजतो. ओले ओंडके आल्यापासून पातं थरथरत होतं. आठवड्याने मी सहज म्हणालो होतो, "पात्याच्या अंगात आलंय." कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी मालक बाबांना घेऊन आले.

दुपारी करवत पुन्हा वाकडी चालली. बाबांनी चहा पिता पिता कारण शोधलं: करवत चालवणारे माझे मामा. त्यांची सावली पडली की हट्ट जागा होतो. बावीस वर्षं त्या करवतीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला मालकांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मामा आठवडाभर चाकं पुसायला पंधरा मिनिटं मागत होते. मालकांना सवड नव्हती. बाबांना दोन तास मिळाले, वर चहा.

तेवढ्यात मामी डबा घेऊन आली. झालेलं ऐकलं, सरळ जाऊन बाटली हुंगली.

"हे रॉकेल आहे," ती म्हणाली. "वास लपवायला कापूर टाकलाय. यांच्या शर्टावरचा लाकडाचा चीक मी यानेच काढते."

बाबा म्हणाले, मंत्राविना रॉकेल म्हणजे नुसतं रॉकेल.

"मग नुसतंच लावून बघू. आणि पुसतील हेच. सावलीसकट."

मामांनी यंत्र थांबवलं. चाकांवर चीक आणि भुसा मिळून टणक ढेकळं बसली होती; पातं त्यांवरून उड्या मारत होतं. मामांनी ती खरवडली, रॉकेलच्या फडक्याने पातं पुसलं, मग कोरडं केलं. मंत्राच्या जागी मी तेराचा पाढा म्हटला. तेरा साती त्र्याण्णव म्हणून चुकलोही.

फळी सरळ निघाली. सावली पूर्ण वेळ पात्यावर होती.

बाबा बाटली तिथेच विसरून निघून गेले. मालकांनी फळीवरून बराच वेळ हात फिरवला आणि मामांना म्हणाले, "उद्या नेहमीच्या वेळेला या." मग मला बाजूला घेतलं. "पुसताना तूही थांबत जा. तो पाढा म्हण. तसाच चुकवून."

मामा आता रोज तीनदा चाकं पुसतात, आणि तिन्ही वेळा मालक माझ्याकडे आशेने बघतात. म्हणून हात जोडून सांगतो: ओलं लाकूड कापताना चाकं नि पातं साफ ठेवा. काम झालं तर श्रेय फडक्याला आणि ते धरणाऱ्या हाताला द्या. आणि पाढा म्हणायचाच असेल, तर निदान बरोबर म्हणा.