शर्टाची सात बटणं

रनाटा फोंटेनोला एका जागी उभं राहवत नव्हतं. अल्सीड गिद्रीच्या स्वयंपाकघरात तिच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. शेवटी कॅमेरावाला डेंटन वैतागला.

"बाई, तुमची सावली येतेय मध्ये. बसा की जरा!"

बसते कसली! लेक चार्ल्स शहरातल्या हमरस्त्यावरच्या भल्यामोठ्या फलकावर हाताची घडी घालून हसणारी वकीलबाई ती हीच. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या दुखापतींवर तिचं घर चाललं होतं आणि त्याची तिला कधी लाज वाटली नव्हती. पण या खटल्याने तिची झोप उडवली होती. रसायनांच्या कारखान्यात बोटं बधिर होऊन बसलेले चारशे कामगार, आणि सगळ्यांच्या वतीने दाव्यात नाव एकट्या अल्सीडचं. त्याचा एक दिवस चित्रित करून ज्यूरीला दाखवायचा होता. या माणसाला साधा शर्टही घालता येत नाही, हे त्या बारा जणांना दिसलं की झालं. मात्र जे काही चित्रित होईल ते जसंच्या तसं कंपनीच्या वकिलांनाही द्यायचं, असा न्यायाधीशांचा हुकूम होता.

अल्सीडने शर्ट अंगात चढवला. पहिलं बटण लागलं. दुसरंही लागलं. तिसऱ्याला रनाटाच्या येरझाऱ्या थांबल्या. कपाळावरचा घाम पुसायलाही न थांबता म्हाताऱ्याने सातच्या सात बटणं लावली आणि शाळेतल्या पोरासारखी छाती पुढे काढली.

"कसं काय, मिस रनाटा? जमलं की नाही?"

"सहा महिने चोरून सराव चाललाय त्याचा," त्याची बायको अर्लीन डोळे पुसत म्हणाली. "म्हणतो, चारचौघांत उघडा बसणार नाही."

"छान, मिस्टर अल्सीड," रनाटा कशीबशी म्हणाली. चारशे जणांचा खटला त्या सात बटणांनी पाण्यात घातला होता. डेंटनने कॅमेरा बंद केला.

अर्लीनने गंबोचा दाट रस्सा आणि भात वाढला आणि नवऱ्याशेजारी खुर्ची ओढून सरळ त्याला घास भरवू लागली. त्याचे हात टेबलाखाली लटलट कापत होते.

"हे काय?" रनाटाने विचारलं.

"एक शर्ट घातला की दोन दिवस हे हात मेल्यातच जमा," अर्लीन म्हणाली. "चमचासुद्धा धरवत नाही."

"डेंटन! चालू कर, चालू कर लवकर!"

रनाटाचा आवाज एवढा खुलला की अल्सीडचा घास तोंडातच राहिला. त्याने तो सावकाश गिळला.

"मिस रनाटा, तुम्हाला आनंद झाला."

कोर्टात भल्याभल्यांची तोंडं बंद करणारी बाई सकाळपासून पहिल्यांदाच खाली बसली. तिला स्वतःची किळस आली. आजवर किती घरांत आपला आवाज असाच खुलला असेल, कोण जाणे.

"झाला," ती म्हणाली.

अल्सीडने अर्लीनचा पुढचा घास मान हलवून नाकारला. मग त्याने खांद्यांच्या जोराने दोन्ही हात वर ओढले आणि टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे टाकले.

"चारशे जण आहेत," तो डेंटनला म्हणाला. "घे काढून. फक्त माझ्या बायकोचं तोंड दाखवू नकोस."