मेणबत्तीवाल्याची वात

शब्दकोशाचे संपादक क्रॅडकसाहेबांनी चिठ्ठी टेबलावरून हेस्टरकडे सरकवली.

"हे अक्षर तुमचं ना, मिस थर्लो?"

"माझंच. शेवटची दोन वर्षं वडिलांना दिसत नव्हतं. ते सांगायचे, मी लिहायचे."

शब्दकोशासाठी तिच्या वडिलांनी, अँब्रोस थर्लोंनी, एकोणीस वर्षं बिनपगारी पुस्तकं वाचली होती. दर चिठ्ठीवर एक वाक्य, ग्रंथ, साल, पान. शेवटचा शब्द 'मॅच'. बरोबरीचा, जोडीदार हा त्याचा जुना इंग्रजी अर्थ; सामना आणि सोयरीक त्यातूनच निघाले. काडीपेटीतला 'मॅच' मात्र वेगळ्या कुळाचा, वातीसाठीच्या फ्रेंच शब्दापासून आलेला. 'वात' या अर्थाचं सगळ्यात जुनं वाक्य थर्लोंनी दिलं होतं, एका मेणबत्तीवाल्याच्या मृत्युपत्रातलं.

"मृत्युपत्र आम्ही काढून पाहिलं," क्रॅडक म्हणाले. "त्यात मेण आहे, सासू आहे, दोन डुकरं आहेत. वात नाही. वाक्य कुणीतरी रचलंय. झकास रचलंय, तो भाग वेगळा."

क्रॅडकनी चिठ्ठी परत ओढून घेतली.

"वाचकाने रचलं असेल तर त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या बाद, प्रस्तावनेतल्या वाचकांच्या यादीतलं नावही बाद. उतरवून घेणाऱ्याने रचलं असेल तर फक्त त्याच्या हातच्या."

मरणाच्या आदल्या दिवशी पाद्री घरी आला, तेव्हा वडिलांनी प्रार्थनेआधी विचारलं होतं, यादी छापून झाली का.

हेस्टरने हातमोजा काढला, पुन्हा चढवला.

"मी रचलं."

"वाटलंच." क्रॅडकनी खणातून एक पत्र काढलं. "त्यांनी पाद्र्याकडून लिहवून घेतलेलं. 'यापुढे चूक सापडली तर ती माझ्या मुलीची धरावी. तिला अक्षर आहे, अक्कल नाही.' गमतीदार होते हं तुमचे वडील."

तिच्या हातच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांनी शेकोटीत टाकला. हजारभर तरी होत्या. एक सोडून प्रत्येक तिने पुस्तकाशी ताडून पाहिलेली.

"पत्र कधीचं?" तिने विचारलं.

"बारा जानेवारी."

ते वाक्य वडिलांनी सांगितलं होतं त्यानंतर तीन महिन्यांनी, ईस्टर झाल्यावर. ती मृत्युपत्रांचं पुस्तक आणायला उठली, तर म्हणाले, बस, मला पाठ आहे.

क्रॅडकनी कबुलीचा कागद आणि दौत पुढे केली.

"पूर्ण नाव लिहा. वडिलांचं धरून."

तिने लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत कागद हाताने दाबून धरला.